आजीचा स्नो राणीबागेसमोर बनायचा का?

प्रश्न : मी २४ वर्षांची आहे. भायखळ्यातच वाढले, फोर्टमध्ये नोकरी करते. कपडे, लिपस्टिक, क्रीम यांची मला भारी हौस. पगार झाला की आधी क्रॉफर्ड मार्केट आणि रविवारी दादर, हे ठरलेलं. सध्या माझ्या आरशासमोर अकरा क्रीम आहेत. परवा ती मांडामांड बघून आजी म्हणाली, "आमच्या वेळी एकच होता, अफगाण स्नो. तोही इथलाच, राणीबागेसमोर बनायचा." आईचं म्हणणं वेगळं. तो अफगाणिस्तानातून यायचा, म्हणून तसं नाव, असं ती सांगते. कोणाचं खरं? आणि हा स्नो म्हणजे नेमकं काय होतं? तो लावून माणूस गोरा व्हायचा का?
– एक वाचक, भायखळा (पूर्व)

उत्तर : आजीचं खरं आहे. अफगाण स्नो हा शंभर टक्के मुंबईचा माल. तो काढणारे इब्राहिम सुलतानअली पाटणवाला मूळचे राजस्थानातल्या झालरापाटणचे. आडनावातलं पाटण ते हेच. मुंबईत ते अत्तराच्या आणि सुगंधी द्रव्यांच्या धंद्यात शिरले आणि १९१९ साली त्यांनी हा स्नो बाजारात आणला. राणीबागेसमोर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर, 'ई. एस. पाटणवाला' हे नाव आजही एका कंपाउंडला आहे. तुम्ही त्यावरून बसने शेकडो वेळा गेला असाल. पुढच्या वेळी मान वळवून बघा.

आईची समजूत चुकीची असली तरी ती पहिल्यांदाच कोणाची झालेली नाही. स्वदेशीच्या चळवळीतही या नावाने घोटाळा केला होता, असं पाटणवाला घराण्यातून सांगितलं जातं. परदेशी समजून लोकांनी स्नोवर बहिष्कार घातला, मग पाटणवालांनी गांधीजींना पत्र लिहिलं आणि गांधीजींनी हा माल इथलाच असल्याचा खुलासा केला, अशी ती हकिकत.

मग नावात अफगाणिस्तान कुठून आलं? याचीही एक गोष्ट प्रसिद्ध आहे. अफगाणिस्तानचा राजा मुंबईत आला असताना पाटणवालांनी त्याला आपली उत्पादनं भेट दिली. त्यातली एक बरणी उघडून पांढरंशुभ्र क्रीम बघताच राजा म्हणाला, हा तर आमच्याकडचा बर्फ! त्यावरून नाव पडलं. गोष्ट गोड आहे, पण तारखा तिला साथ देत नाहीत. राजा अमानुल्ला गादीवर आला तो १९१९ मध्ये, आणि त्याची गाजलेली मुंबईभेट झाली डिसेंबर १९२७ मध्ये. काही जण झहीर शाहचं नाव घेतात, पण तो राजा झाला १९३३ साली. शिवाय 'स्नो' हा शब्द कोणा राजाने सुचवायची गरज नव्हती. लंडनच्या बरोज वेलकम कंपनीने 'हेझलीन स्नो' १८९२ मध्येच काढला होता आणि या जातीच्या क्रीमला बाजारात स्नो म्हणण्याचा प्रघात पडलेला होता. तेव्हा नावातला 'स्नो' बाजाराचा, एवढं तरी नक्की.

आता तुमचा मुख्य प्रश्न. स्नो म्हणजे काय?

त्याआधीचं क्रीम म्हणजे कोल्ड क्रीम. मेण, तेल आणि गुलाबपाणी घोटून केलेलं. ही कृती दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या वैद्याच्या नावावर सांगतात. थंड, कोरड्या हवेला ते उत्तम. पण मुंबईच्या दमट हवेत तेलकट क्रीम लावून पाहा. अर्ध्या तासात चेहरा घामाने आणि तेलाने चकाकायला लागतो, वर रस्त्यावरची धूळ चिकटते ती वेगळीच. आपल्याकडे त्या काळी दुधाची साय, हळद आणि डाळीचं पीठ होतं. पण ते लावून धुवायचं असतं, लावून घराबाहेर पडायचं नसतं.

स्नोची युक्ती वेगळी आहे. त्यात मुख्य घटक दोनच, स्टीअरिक ॲसिड आणि पाणी. स्टीअरिक ॲसिड चरबीतून किंवा तेलातून मिळतं. ते पांढरं, मेणासारखं घट्ट असतं आणि साधारण ६९ अंश सेल्सिअसला वितळतं. ते वितळवून त्यात गरम पाण्यात विरघळवलेला थोडा अल्कली घालायचा. अल्कलीमुळे ॲसिडच्या काही भागाचा साबण होतो. एरवी पाणी आणि चरबी एकत्र नांदत नाहीत. हा साबण त्यांना बांधून ठेवतो. उरलेलं ॲसिड थंड होताना बारीक स्फटिकांच्या रूपात गोठतं. स्नोवर मोत्यासारखी झाक दिसायची ती या स्फटिकांची. बरणीतला माल सुकू नये म्हणून ग्लिसरीन आणि शेवटी सुगंध, की झालं.

असा स्नो चेहऱ्यावर घासला की त्यातलं पाणी उडून जातं आणि त्वचेवर ॲसिडचा एक पातळ, कोरडा थर उरतो. पांढरेपणा डोळ्यांदेखत नाहीसा होतो, म्हणून त्याला व्हॅनिशिंग क्रीम असंही नाव. या कोरड्या थरावर पावडर छान बसते, घामाने लगेच ओघळत नाही. आपल्या बोलण्यात 'स्नो-पावडर' हा जोडशब्द आला तो यामुळे. आधी स्नो, वर पावडर, कपाळावर मेणाचं बोट आणि त्यावर कुंकू. आजीला विचारा, हा क्रम ती आजही न चुकता सांगेल. जास्त लावला तर चेहऱ्यावर पांढरे पट्टे दिसत आणि त्वचा ओढल्यासारखी होई, हेही तिला आठवत असेल. त्यातल्या साबणाचा तो गुण.

गोरं होण्याबद्दल मात्र स्पष्टच सांगायला हवं. स्नोने कोणीही गोरं होत नव्हतं. त्वचेचा रंग ठरवणारं मेलॅनिन वरच्या त्वचेच्या अगदी तळाशी असलेल्या पेशींत तयार होतं. स्नोचा थर बसतो तो सगळ्यात वरच्या, मृत पेशींवर. चेहरा उजळ दिसायचा तो त्या थरावरून आणि पावडरीवरून उजेड परतायचा म्हणून. तोंड धुतलं की आपला रंग आपल्यापाशी. आजीच्या पिढीतल्या बायकांना हे नीट ठाऊक होतं. लग्नकार्याला, फोटो काढायला किंवा सिनेमाला जाताना थोडं ताजंतवानं दिसायचं, एवढीच त्यांची अपेक्षा असे.

ही हौस बायकांना कोणी सुखासुखी करू दिली, असं समजू नका. स्नो-पावडर लावणारी मुलगी म्हणजे नखरेल, असं म्हणणारी तोंडं चाळीत कमी नव्हती. १९४१ साली लीला चिटणीस ही पदवीधर मराठी अभिनेत्री लक्स साबणाच्या जाहिरातीत दिसली. लक्ससाठी झळकलेली ती पहिली भारतीय तारका. शिकलेली, स्वतः कमावणारी मराठी बाई उघडपणे सौंदर्याबद्दल बोलते आहे, हे तेव्हाच्या मुलींना फार मोलाचं वाटलं असणार. गिरणीच्या पगारावर चालणाऱ्या घरात स्नोची एक बरणी घेणं हे आजीसाठी छोटंसं स्वातंत्र्य होतं. म्हणून तुमची हौस मला उथळ वाटत नाही. ती तुमच्या घरात तीन पिढ्यांपासून चालत आलेली आहे.

फरक पडला तो पुढे. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आलं आणि ताजंतवानं दिसण्याची जागा गोरेपणाच्या वचनाने घेतली. २०२० मध्ये त्या क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्द गेला, पण मधल्या ४५ वर्षांत कितीतरी सावळ्या मुलींनी आरशासमोर स्वतःला कमी लेखलं. त्याचा मला मनापासून राग आहे. गंमत अशी, की त्या क्रीमचा पाया स्नोचाच. तुमच्या अकरा क्रीमची मागची बाजू वाचा. पाणी, स्टीअरिक ॲसिड, पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि ग्लिसरीन ही नावं यादीत एकत्र दिसली, तर वेगळ्या डबीत तुम्ही आजीचाच स्नो विकत घेतला आहे असं समजा. माझा अंदाज आहे, अकरांत असे दोन-तीन तरी निघतील.

आणि एक गोष्ट गंभीरपणे सांगते. बाजारात अशीही गोरेपणाची क्रीम मिळतात, जी खरोखर रंग उतरवतात. त्यांतल्या काहींत पारा असतो, काहींत स्टेरॉइड. पारा मेलॅनिन तयार होणं अडवतो, पण त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडं बिघडवतो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघींची हकिकत वर्तमानपत्रांत आली होती. गोरं करणारं क्रीम वापरून तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती. त्याचा छडा लागला तो तुमच्यापासून जवळच, परळच्या केईएम रुग्णालयात. त्या क्रीममध्ये पारा निघाला. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार क्रीममध्ये पारा घालायला बंदी आहे. नकळत आलेला अंशसुद्धा दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. म्हणून ज्या डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, तारीख आणि घटकांची यादी नाही, ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. घटकांत 'मर्क्युरी', 'मर्क्युरस' किंवा 'कॅलोमेल' दिसलं तर जागेवर परत करा. ब्यूटी पार्लरमध्ये बिनलेबलाच्या डबीतून काही लावू लागले तर सरळ नको म्हणा.

खरेदी जरूर करा. पण पुढच्या पगाराला बारावं क्रीम घेण्याआधी एका रविवारी आजीला घेऊन राणीबागेत जा. आत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या मुंबईच्या निरनिराळ्या समाजांतल्या माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत. त्यांचे पोशाख, पागोटी, दागिने बघून तुमच्यासारखी हरखून जाईल. बाहेर आल्यावर रस्त्यापलीकडचं पाटणवाला कंपाउंड आजीलाच दाखवू द्या. तिने पहिली बरणी केव्हा घेतली, किती पैशांना घेतली, घरी कोण काय म्हणालं, ते सगळं विचारा आणि त्याच दिवशी लिहून ठेवा. भायखळ्यातल्या मुलींच्या हौसेचा हा इतिहास कुठल्याही संग्रहालयात नाही. तो सध्या फक्त तुमच्या आजीपाशी आहे.