आवाज येऊन राहिला का?

2020 च्या टाळेबंदीत अमरावतीच्या राजापेठेतल्या घरून बी.कॉम.च्या पोरांना ऑनलाइन शिकवायला लागलो. फेब्रुवारी 2021 मध्ये अमरावतीत पुन्हा टाळेबंदी लागली, तेव्हा हे प्रकरण लवकर सुटणारं नाही हे कळलं. आता वर्ग भरतात, तरी जादा तासिका मी ऑनलाइनच घेतो. त्यातून हाती लागलेलं हे थोडं.

1. 'समजलं का?' असं विचारू नये. 'हो सर' याशिवाय उत्तर येत नाही. घसारा शिकवताना मी विचारतो, एक लाखाचं थ्रेशर, घटत्या शिलकेवर 10 टक्के. दुसऱ्या वर्षीचा घसारा किती? मग गप्प बसतो. चॅटमध्ये कोणी 10,000 लिहितं, कोणी 9,000. माइक दहा हजारवाल्याला द्यायचा. 'सर, दरवर्षी तेवढाच ना?' तो म्हणतो, तोच नऊ हजारवाली पोरगी मध्ये पडते, 'अरे, आता थ्रेशर नव्वद हजाराचंच राहिलं ना!' पुढे मला फारसं सांगावं लागत नाही.

2. आमचं विद्यापीठ गाडगेबाबांच्या नावाचं. बाबा कीर्तनात लोकांना सारखे प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. तासभर स्लाइडा वाचून दाखवणाऱ्यांनी (असे पुष्कळ आहेत) एवढं तरी उचलावं.

3. कॅमेऱ्याची सक्ती नको. घरात फोन एकच असतो, डेटा संपत आलेला असतो. धारणीकडच्या पोराला रेंज मिळेलच याचा भरवसा नाही. त्याला व्हॉट्सअॅपवर दहा मिनिटांचा आवाज आणि सोडवलेल्या उदाहरणाचा फोटो पाठवला, तर तो रात्री निवांत ऐकतो.

4. शिकणाऱ्यांनी व्हिडिओ थांबवून उदाहरण वहीत सोडवावं. दुप्पट वेगाने पाहून ताळेबंद जुळत नाही.

5. 'स्वयम्' हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं सरकारी व्यासपीठ 2017 पासून आहे, आणि यूजीसीच्या 2021 च्या नियमांनुसार सत्रातले 40 टक्क्यांपर्यंत विषय तिथून करता येतात. नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत म्हणून पोरं चार-चार विषय घेऊन ठेवतात. एकच घ्या. स्वाध्याय मुदतीच्या आदल्या दिवशी, लाइन असताना भरा. शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते, तिचं शुल्क वेगळं. त्या विषयाचं क्रेडिट आपलं कॉलेज धरणार का, हे नाव नोंदवण्याआधीच लेखी विचारून घ्या.