ढोल खालीं ठेवणारा वादक

आमच्या शाळेचा बॅंड मैदानावरून जाऊं लागला म्हणजे लहान मुलांचा घोळका त्याच्या मागोमाग धांवतो. आणि केव्हां तरी तो मोठा ढोल आपल्या गळ्यांत यावा असें त्या घोळक्यांतील प्रत्येकास वाटत असतें. परंतु ज्याच्या गळ्यांत तो ढोल प्रत्यक्ष येतो, त्यास थोड्याच दिवसांत निराळा प्रश्न पडतो. हात बसला, ठेका पक्का झाला, बक्षिसेंही मिळालीं. आतां पुढें काय? पालकही हाच प्रश्न विचारतात, मात्र त्यांचा सूर वेगळा असतो. या प्रश्नाचें एक विलक्षण उत्तर अमेरिकेंतील एका तालवाद्यवादकाच्या चरित्रांत सांपडतें. तें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

मॅक्स नॉयहाउस हें त्यांचें नांव. त्यांचा जन्म १९३९ सालीं टेक्सासमधील बोमॉण्ट या गांवीं झाला. न्यूयॉर्क येथील मॅनहॅटन स्कूल ऑफ म्युझिक या संस्थेंत पॉल प्राइस यांच्या हाताखालीं त्यांनीं तालवाद्यांचा अभ्यास केला. तालवादक म्हटला म्हणजे वाद्यमेळाच्या मागच्या रांगेंत उभा राहून, पुष्कळ वेळ वाट पाहून, एखादाच टोला देणारा मनुष्य आपल्या डोळ्यांपुढें येतो. नॉयहाउस यांनीं हा मनुष्य रंगमंचाच्या मध्यभागीं आणला. नव्या संगीताचे पुरस्कर्ते पिएर बुलेझ व कार्लहाइन्झ श्टॉकहाउझन हे त्या काळीं अमेरिकेंत दौऱ्यावर आले असतां त्यांच्याबरोबर हे वाजवीत असत. न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्यें त्यांचे एकट्याचे कार्यक्रम झाले, आणि पुढें ते यूरोपांतही वाजवून आले.

श्टॉकहाउझन यांची ‘त्सिक्लुस’ म्हणजे ‘चक्र’ या नांवाची १९५९ सालची एक रचना आहे. तीत वादकाच्या भोंवतीं ढोल, झांजा, घंटा, लांकडी व धातूच्या पट्ट्या यांचें कडें केलेलें असतें व वादक मध्यें उभा राहतो. स्वरलिपीचें पुस्तक कोणत्याही पानापासून सुरू करावें, पाहिजे तर उलटें धरून वाचावें, आणि वाजवीत वाजवीत फिरून जेथून निघालों तेथें येऊन थांबावें, असा तिचा नियम. अशा अवघड रचना सहज वाजविणारा वादक म्हणून नॉयहाउस यांचें नांव झालें. १९६८ सालीं कोलंबिया कंपनीनें त्यांच्या वादनाची ध्वनिमुद्रिकाही काढली. त्या वेळीं त्यांचें वय तिशीच्या आंतच होतें. आणि त्याच सुमारास त्यांनीं रंगमंचावर वाजविणें कायमचें सोडून दिलें!

हें वाचून पुष्कळांस वाईट वाटेल. इतकें शिकून, इतकें नांव मिळवून, ऐन भरांत हा गृहस्थ काठ्या खालीं ठेवतो, याला शहाणपण कसें म्हणावें? म्हणून त्यांच्या मनांत काय चाललें होतें तें नीट समजून घेतलें पाहिजे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून यूरोपांतील व अमेरिकेंतील कांहीं संगीतकारांनीं रस्त्यावरचे व कारखान्यांतले आवाज संगीतगृहांत आणण्यास प्रारंभ केला होता. नॉयहाउस स्वतःही तसल्या रचना वाजवीत. श्रोते चकित होत, कोणी रागावत, कोणी टाळ्या पिटीत. पण नॉयहाउस यांना दिसलें तें असें कीं, कार्यक्रम संपवून बाहेर पडल्यावर तोच रस्ता व तेच आवाज यांच्याकडे कोणाचें लक्ष जात नसे. आंत ज्याचें कौतुक, बाहेर त्याचीच अवहेलना! मग आवाज आंत आणण्याऐवजीं श्रोत्यांनाच बाहेर कां नेऊं नये, असें त्यांच्या मनानें घेतलें.

१९६६ सालीं त्यांनीं हा प्रयोग करून पाहिला. कांहीं स्नेह्यांना त्यांनीं न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर बोलाविलें. प्रत्येकाच्या हातावर त्यांनीं एक रबरी शिक्का उठविला. त्यावर एकच शब्द होता: ‘ऐका’. मग एक अक्षरही न बोलतां ते चालूं लागले व मंडळी त्यांच्या मागून निघाली. वाटेंत विजेच्या कारखान्याची घरघर लागली, मोटारींचे आवाज लागले, गजबजलेल्या वस्तींतील माणसांची बोलणीं कानांवर आलीं. अखेर सर्व जण त्यांच्या वादनशाळेंत पोंचले व तेथें त्यांनीं तालवाद्यें वाजवून दाखविलीं. पुढें दहा वर्षें अशा फेऱ्या ते निरनिराळ्या ठिकाणीं काढीत असत. व्याख्यानाची अपेक्षा धरून आलेल्या श्रोत्यांनाही ते असेच बाहेर घेऊन जात. हातावरचा शिक्का हें व्याख्यान आणि चालणें हें प्रात्यक्षिक, असें त्यांचें म्हणणें असे. ब्रुकलिनच्या पुलाखालचा आवाज त्यांच्या विशेष आवडीचा होता. त्या पुलाचा रस्ता लोखंडी जाळीचा होता व तीवरून चाकें गेलीं कीं वर गुंजारव उठे.

दुसरें पाऊल १९६७ सालचें. बफेलो शहरांतील एका रस्त्याच्या कडेनें त्यांनीं कमी शक्तीचीं अनेक रेडिओ-प्रक्षेपणयंत्रें झाडांवर बसविलीं. मोटारींतल्या रेडिओवर त्यांचे सूर ऐकूं येत. मोटार ज्या दिशेनें व ज्या वेगानें जाई तसतसे ते सूर एकामागून एक लागत. म्हणून सावकाश जाणाऱ्यास एक संगीत, घाईनें जाणाऱ्यास दुसरें, आणि उलट दिशेनें येणाऱ्यास तिसरेंच! येथें वादक कोण आणि श्रोता कोण, याचा विचार विद्यार्थ्यांनीं करून पाहावा.

नेहमीच्या संगीतांत स्वर कालांत मांडलेले असतात. हा स्वर आधीं, तो मागून. आरंभ केव्हां व शेवट केव्हां हें वादक ठरवितो. नॉयहाउस यांनीं स्वर जागेंत मांडले. एखादें झाड जसें आपल्या ठिकाणीं उभें असतें तसा त्यांचा ध्वनि आपल्या ठिकाणीं असतो; केव्हां यावें, किती वेळ थांबावें व केव्हां निघावें, हें ऐकणारा ठरवितो. अशा कामास त्यांनीं ‘साउंड इन्स्टॉलेशन’ असें नांव दिलें. आपण त्यास ‘ध्वनिमांडणी’ म्हणूं. आज जगभर या कलेचे उपासक आहेत.

त्यांची सर्वांत प्रसिद्ध मांडणी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर या चौकांतील होय. ब्रॉडवे व सातवा अॅव्हेन्यू हे दोन मोठे रस्ते जेथें एकमेकांस छेदतात तेथें, ४५ व ४६ क्रमांकांच्या रस्त्यांच्या दरम्यान, पादचाऱ्यांकरितां एक त्रिकोणी जागा आहे. तीत भुयारी रेल्वेच्या हवेसाठीं बसविलेली लोखंडी जाळी असून जाळीखालीं मोठी पोकळी आहे. रेल्वेच्या अधिकाऱ्यांकडे खेटे घालून व पैसे उभे करून नॉयहाउस यांनीं १९७७ सालीं त्या पोकळींत ध्वनि उत्पन्न करणारीं विजेचीं उपकरणें बसविलीं. जाळीवर पाऊल टाकलें कीं मोठ्या घंटेवर टोल पडून गेल्यावर मागें जो गंभीर नाद रेंगाळतो तसा नाद पायांखालून येतो. चार पावलें पुढें गेलें कीं तो नाहींसा होतो.

असा नाद निघतो कसा, हें समजण्यास घरांतील घागर पुरे आहे. घागर नळाखालीं धरा. प्रथम आवाज खर्जांत असतो, आणि घागर भरत आली म्हणजे तो चढत जातो. आंतली पोकळी मोठी असतां ती खालच्या स्वरास साथ देते, लहान झाली कीं वरच्या स्वरास. यालाच शास्त्रांत अनुनाद म्हणतात. ध्वनि हवेंतून एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. तेव्हां सेकंदास ३४ कंपनें असलेल्या स्वराची एक लाट १० मीटर लांबीची होते. एवढ्या लांब लाटेस साथ देण्यास जागाही मोठी लागते. घागर नळाच्या धारेस जें उत्तर देते, तेंच त्या भुयारी पोकळीनें नॉयहाउस यांच्या उपकरणांस दिलें. ढोलाच्या पोकळीवर ज्याचा हात बसला होता, त्यानें शहराच्या पोकळीचाच ढोल केला, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

पण या ढोलावर वाजविणाऱ्याचें नांव नव्हतें. तेथें पाटी लावूं नये असा नॉयहाउस यांचा आग्रह होता. रोज हजारों माणसें त्या जाळीवरून जात. बहुतेकांस कांहींच कळत नसे, आणि कित्येकांस तो रेल्वेच्या एखाद्या यंत्राचा आवाज वाटे. क्वचित् एखादा मनुष्य थबके, मागें वळे, पुन्हां जाळीवर येऊन उभा राही. हा आवाज आपणच शोधून काढला असें त्यास वाटे. आणि तसें वाटावें हाच नॉयहाउस यांचा हेतु होता. ज्या मनुष्यानें टाळ्यांचा कडकडाट ऐकला होता त्यानें हा अबोल सन्मान पसंत केला.

कोणी म्हणेल, गोंगाटांत आणखी आवाज घालणें हें कसलें संगीत? गोंगाट ही शहरांतील खरी पीडा आहे व फार मोठ्या आवाजानें कानांस कायमची इजा होते, हें आम्हांस मान्य आहे. नॉयहाउस यांनीं १९७४ सालीं न्यूयॉर्क टाइम्स पत्रांत याच विषयावर लेख लिहिला होता. शहराचे सारेच आवाज रोगकारक आहेत अशी भीति लोकांस घातली तर लोक कान मिटून घेतील, आणि मग चांगला आवाज कोणता व वाईट कोणता हें त्यांस कळेनासें होईल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. केवळ टीका करून ते थांबले नाहींत. पोलिसांच्या व रुग्णवाहिकांच्या भोंग्याचा आवाज नेमका कोणत्या बाजूनें येतो हें मोटार चालविणाऱ्यास नीट उमगत नाहीं, असें त्यांच्या ध्यानांत आलें. म्हणून दिशा चटकन् कळेल असे नवे भोंगे तयार करण्यासाठीं त्यांनीं अनेक वर्षें खर्चिलीं व त्याचें पेटंटही घेतलें. ते भोंगे प्रचारांत आले नाहींत. परंतु ऐकण्याची विद्या ही निव्वळ करमणूक नसून तिजवर एखाद्याचा जीवही अवलंबून असूं शकतो, हें त्यांच्या खटपटीवरून दिसतें.

आमच्या मतें त्यांची सर्वांत सुंदर कल्पना घड्याळाची आहे. शाळेची घंटा वाजते म्हणून तास संपल्याचें आपणांस कळतें. नॉयहाउस यांचें घड्याळ याच्या उलट चालतें. तासाचा ठोका पडण्यापूर्वीं कांहीं मिनिटें एक सूर इतक्या हळूहळू वाढत जातो कीं भोंवतालच्या आवाजांत तो मिसळल्याचें कोणास कळत नाहीं. मग ठरल्या क्षणीं तो एकदम थांबतो, आणि जी शांतता पडते तीच वेळ सांगते! ऑस्ट्रियांतील ग्राट्स शहरांत २००३ सालीं व न्यूयॉर्कजवळील बीकन येथें २००५ सालीं त्यांनीं अशीं घड्याळें बसविलीं. पिठाची गिरणी बंद झाली कीं ती इतका वेळ चालू होती हें आपल्या ध्यानांत येतें, तोच हा अनुभव.

टाइम्स स्क्वेअरमधील नाद पंधरा वर्षें चालला. पुढें नॉयहाउस यूरोपांत राहूं लागले, देखभाल होईना, आणि १९९२ सालीं तो बंद पडला. पाटीच नव्हती, तेव्हां तो गेल्याचें पुष्कळांस कळलेंही नसेल. पण ज्यांनीं तो एकदां ऐकला होता ते विसरले नाहींत. अनेकांच्या खटपटीनें २००२ सालीं तो पुन्हां सुरू झाला व डिया आर्ट फाउंडेशन या संस्थेनें त्याचा सांभाळ पत्करला. नॉयहाउस २००९ सालीं इटलींत वारले. निनांवी काम टिकत नाहीं असें समजणाऱ्यांनीं ही गोष्ट लक्षांत ठेवावी.

आतां विद्यार्थ्यांस तीन कामें सांगून आम्ही हा लेख पुरा करतों. पहिलें: घागर भरतांना डोळे मिटून ऐका आणि ती कांठोकांठ येण्याच्या आधीं नळ बंद करा. दुसरें: शाळेच्या वाटेवर एक दिवस कोणाशीं न बोलतां चाला, आणि घरीं आल्यावर कानांवर आलेल्या आवाजांची यादी क्रमानें लिहा, दुसऱ्या दिवशीं तीच वाट धरून यादींत काय भर पडते तें पाहा. तिसरें: दिवसांतून एकदां, चालू असलेला कोणता आवाज आतांच थांबला, तें ओळखा. पालकांनींही मुलांबरोबर हें करून पाहावें. यास खर्च कांहींच नाहीं.

आणि बॅंडांतील आमच्या ढोलवाल्यास एवढेंच सांगणें आहे कीं, त्यानें ढोल खालीं ठेवण्याची घाई करूं नये. नॉयहाउस यांनीं काठ्या ठेवल्या त्या वाजविण्याची कला पुरी हस्तगत केल्यावर. शिवाय, हातांतल्या काठ्या सुटल्या तरी त्या काठ्यांनीं तयार केलेला कान जन्मभर त्यांच्यापाशीं राहिला. पुढें काय, हा प्रश्न त्या कानानेंच सोडविला.