जुन्या बियाण्याची उगवण : भिजवण व रिठ्याचे पाणी

खरिपाची पेरणी जवळ आली म्हणजे कणगीतील, मडक्यातील किंवा सुकलेल्या भोपळ्याच्या तुंब्यातील बी बाहेर काढले जाते. त्यात मागील वर्षाचे, क्वचित दोन-तीन वर्षांपूर्वीचेही बी असते. गावरान कारले, दोडका, पडवळ किंवा पावटा यांचे घरी राखलेले बी बाजारात पुन्हा मिळेलच अशी खात्री नसते. ते परीक्षा न करता पेरले आणि उगवले नाही, तर हंगाम वाया जातो व तो वाणही घरातून कायमचा नाहीसा होतो. म्हणून जुने बी पेरण्याची योग्य रीत माहीत असणे अगत्याचे आहे.

बी जुने होते म्हणजे काय होते ?

बी ही निद्रिस्त पण सजीव वस्तू होय. साठवणीतही तिचे श्वसन मंदपणे चालू असते. ओलावा व उष्णता वाढली की ते वेगाने होते आणि बियाण्याची शक्ती लवकर खर्ची पडते. साठवणीतील बियाण्याचा ओलावा शेकडा १ ने किंवा साठवणीचे तपमान ५ अंश सेल्सिअसने उतरविले, तर त्याचे आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. तथापि सर्व पिके सारखी नसतात. कांद्याचे बी साध्या साठवणीत वर्षभरातच निकामी होऊ लागते. कठीण कवचाची बियाणी त्या मानाने अधिक काळ टिकतात.

एक गोष्ट प्रथमच ध्यानात ठेवावी. भिजविल्याने मेलेले बी जिवंत होत नाही. जे बी अशक्त आहे, अथवा कवच कठीण असल्यामुळे ज्याच्या आत पाणी शिरत नाही, त्यालाच भिजविण्याचा उपयोग होतो.

प्रथम परीक्षा

निरनिराळ्या थरांतून १०० दाणे घ्यावेत. बी थोडेच असल्यास १० किंवा २० पुरेत. ते ओल्या गोणपाटावर किंवा जाड कापडावर अंतराअंतराने मांडून गुंडाळी करावी व ती सावलीत ओलसर ठेवावी. ज्वारीचे मोड १० दिवसांनी व कारल्याचे १४ दिवसांनी अखेरचे मोजावेत. निकोप मूळ व कोंब असलेलेच दाणे उगवलेले समजावेत. प्रमाणित बियाण्यासाठी किमान उगवण ज्वारीची ७५ टक्के व कारल्याची ६० टक्के ठरविलेली आहे. ज्वारीच्या १०० दाण्यांपैकी ५० च उगवले, तर बियाण्याचे प्रमाण दीडपट करावे लागेल. उगवण याहून फारच कमी असेल, तर ते बी शेतात न पेरता वाफ्यात किंवा पिशवीत लावून त्यापासून नवे बी तयार करावे.

भिजविण्याची रीत

कारले, पडवळ, दोडका यांचे बी स्वच्छ, कोमट पाण्यात २४ तासांपर्यंत भिजवावे व १२ तासांनी पाणी बदलावे. पाण्यात बुडालेल्या बियाण्यास हवा कमी मिळते. म्हणून अधिक वेळ ठेवल्यास ते गुदमरून कुजते. नंतर बी ओल्या कापडात बांधून उबदार जागी ठेवावे. कारल्याचे कवच फारच टणक असल्यास टोकाजवळ हलकेच घासावे. आतील गराला इजा होऊ देऊ नये. धने रगडून दोन भाग करावेत व नंतर भिजवावेत. हरभरा सुमारे ८ तास, म्हणजे रात्रभर, भिजवून सावलीत वरवर सुकवावा व त्याच दिवशी पेरावा.

जुन्या कडधान्यांच्या बाबतीत घाई करू नये. अतिशय कोरड्या दाण्यात पाणी एकदम शिरले, तर आतील पेशी फाटतात, त्यांतील साखर बाहेर झिरपते आणि तिच्यावर बुरशी वाढते. म्हणून असे दाणे प्रथम दमट गोणपाटाच्या दोन थरांत रात्रभर ठेवावेत व मग भिजवावेत. सोयाबीन व भुईमूग यांची साल नाजूक असल्याने जुने बी पाण्यात बुडवू नये.

रिठ्याच्या पाण्याचा उपयोग

काही बियाण्यांच्या कवचावर मेणासारखा थर असतो. त्यावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल उभा राहतो व कवचाच्या बारीक भेगांत हवा अडकते. रिठ्याच्या टरफलात व शिकेकाईच्या शेंगेत सॅपोनिन नावाचे फेसाळ द्रव्य असते. ते पाण्याचा पृष्ठताण कमी करते. त्यामुळे थेंब पसरतो आणि पाणी भेगांत शिरते. कापूस पिकविणाऱ्या भागात सरकी शेणकाल्यात चोळण्याची जुनी रीत होती. त्यामुळे लव चिकटून बसत असे व दाणे सुटे होत. लव काढलेले बी मिळू लागल्यावर ती मागे पडली.

दोन रिठ्यांची टरफले, आतील बी काढून, तांब्याभर पाण्यात रात्रभर ठेवावीत व पाणी गाळावे. या पाण्याचा एक चमचा एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळावा. बियाण्यावर थेंब टाकताच तो पसरला, म्हणजे मिश्रण पुरेसे झाले असे समजावे. यात बी तासभर ठेवून, धुऊन, पुढील भिजवण साध्या पाण्यात करावी. हे द्रव्य अधिक झाल्यास उगवणीस अपाय होतो. म्हणून प्रथम दहा दाण्यांवर अनुभव घ्यावा. कपडे धुण्याचा साबण किंवा सोडा वापरू नये. रिठ्याचे पाणी डोळ्यांस झोंबते व माशांना विषारी असते. उरलेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीत टाकू नये.

पेरणी व सावधगिरी

अशक्त बियाण्याच्या कोंबात माती फोडण्याची ताकद कमी असते. ते भुसभुशीत, ओल असलेल्या मातीत उथळ टोकावे. वर घट्ट खपली धरू देऊ नये. एकदा भिजविलेले बी पेरणीचा बेत लांबला म्हणून पुन्हा साठवून ठेवू नये. औषध चोळलेले बी भिजवू नये व ते माणसांच्या किंवा जनावरांच्या खाण्यात येऊ देऊ नये.

दुर्मिळ वाणाचे सर्वच बी एका वेळी पाण्यात घालू नये. निम्मे कोरडे राखून ठेवावे. पहिल्या पेरणीवर पावसाने किंवा किडीने घाला घातला, तरी वाण हातचा जात नाही. पुढील हंगामात निरोगी वेलावरची चांगली फळे बियाण्यासाठी पिकू द्यावीत, बी चांगले वाळवून हवाबंद भांड्यात भरावे आणि भांड्यावर वर्ष लिहून ठेवावे. दरवर्षी ताजे बी हाती असणे, हाच जुन्या बियाण्याच्या अडचणीवर खरा उपाय होय.