आईविना वाढणारी पिले
उबवणी केंद्रातील तलंगांचे परसातील संगोपन

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्याच्या पश्चिम भागात सरदारपूर हा तालुका आहे. मराठी वाचकास धार हे नाव पवार घराण्याच्या संस्थानामुळे परिचित आहे. मही नदीचा उगम सरदारपूरच्याच परिसरात होतो. पश्चिमेस झाबुआ जिल्हा लागतो, तर दक्षिणेस नर्मदा आणि सातपुडा ओलांडला की महाराष्ट्राचा नंदुरबार जिल्हा येतो. भिल्ल व भिलाला समाजाची वस्ती असलेला धार-झाबुआचा हा पट्टा कडकनाथ या काळ्या कोंबडीचे मूळ घर होय. तिची पिसे, कातडी, तुरा, जीभ, इतकेच नव्हे तर मांसदेखील काळसर असते, म्हणून तिला 'कालामासी' असेही म्हणतात. झाबुआच्या कडकनाथ कोंबडीच्या मांसास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून महाराष्ट्रातही तिची मागणी वाढली.

या कोंबडीची एक उणीव मात्र फारशी सांगितली जात नाही. कडकनाथ कोंबडी अंडी देते, परंतु सहसा खुडूक होत नाही व अंड्यांवर नीट बसत नाही. त्यामुळे तिच्या मूळ प्रदेशातही तिची अंडी दुसऱ्या देशी कोंबडीखाली उबवण्याचा प्रघात आहे. हेच काम आता उबवणी यंत्रे मोठ्या प्रमाणावर करू लागली आहेत. झाबुआ येथील कृषी विज्ञान केंद्र कडकनाथची पिले तयार करते. महाराष्ट्रात पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे सुधारित जातींची पिले पुरवतात. पिलू मिळण्याची अडचण अशा रीतीने दूर झाली आहे. पिलाला आई मिळण्याची अडचण मात्र शिल्लक आहे. यंत्र २१ दिवसांत अंडे उबवून देते आणि तेथेच त्याचे काम संपते. त्यापुढील सहा आठवडे जे काम कोंबडी करते, ते सर्व पाळणाऱ्यास करावे लागते. परसातील कळप उभा राहणे किंवा बुडणे या सहा आठवड्यांवरच अवलंबून असते.

आई काय करते ?

देशी कोंबडी पिलांना घेऊन अंगणात फिरते, तेव्हा ती एकाच वेळी पाच कामे करीत असते. थंडी वाजली की ती पिलांना पंखाखाली घेते. माती उकरून खाण्याजोगे काय आहे ते दाखवते. पाण्याच्या जागी नेते. घार दिसताच विशिष्ट आवाज काढून त्यांना लपवते. दिवस मावळला की त्यांना खुराड्यात परत आणते. यांपैकी एकही गोष्ट यंत्रातून निघालेल्या पिलास कोणी शिकवलेली नसते. अशी पिले आणून, देशी पिलांप्रमाणे डालग्याखाली झाकून सकाळी मोकळी सोडली, तर आठ-पंधरा दिवसांत त्यांतील बरीचशी नाहीशी होतात. मग 'सरकारी पिले टिकत नाहीत' असा बोल लावला जातो. वस्तुतः पिले कमकुवत नसतात; त्यांना आई नसते.

केंद्र शासनाने २००९-१० पासून राबवलेल्या ग्रामीण परसातील कुक्कुट विकास योजनेत ही गोष्ट ध्यानात घेण्यात आली होती. त्या योजनेत एक दिवसाची पिले प्रथम 'मदर युनिट' म्हणजे मातृकेंद्रात वाढवून, चार आठवड्यांची झाल्यावर लाभार्थींना देण्याची तरतूद होती. ज्या कुटुंबास उबारा, खाद्य आणि लस यांची व्यवस्था करणे शक्य नाही, त्याने आजही चार आठवड्यांची पिलेच घेणे श्रेयस्कर होय. ती महाग पडतात, पण मेलेले पिलू सर्वांत महाग पडते.

पिले येण्यापूर्वी

पिलांची नोंदणी करण्याआधी जागा तयार असावी. जुनी कोंबडी जेथे बसते ती जागा पिलांसाठी वापरू नये. एखादी कोरडी, वारा न लागणारी खोली किंवा पडवीचा कोपरा झाडून, चुना लावून घ्यावा. जमिनीवर सुमारे दोन इंच भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरावा व पहिले दोन-तीन दिवस त्यावर वर्तमानपत्राचे कागद अंथरावेत, म्हणजे पिले तूस खात नाहीत. पत्रा, पुठ्ठा किंवा बांबूची चटई यांचा सुमारे दीड फूट उंचीचा गोल आडोसा करावा. आडोसा चौकोनी करू नये. थंडी वाजली किंवा घाबरली की पिले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात व खालची गुदमरून मरतात.

मधोमध विजेचा दिवा टांगावा. प्रत्येक पिलामागे सुमारे दोन वॅट असा साधारण हिशेब असून पन्नास पिलांस शंभर वॅटचा साधा तापणारा दिवा पुरतो. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. हा फरक विसरू नये. ज्या गावात रात्री वीज जाते तेथे कोळशाची शेगडी किंवा कंदील हाताशी असावा. मात्र तो जाळीने वेढलेला असावा आणि धूर बाहेर जाण्यास वाट असावी.

ऊब

पहिल्या आठवड्यात पिलांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान असावे. पुढे दर आठवड्यास ते सुमारे तीन अंशांनी कमी करीत जावे. सहाव्या आठवड्यापर्यंत अंगावर पुरेशी पिसे येतात व कृत्रिम उबेची गरज संपते. माळव्याच्या पठारावर हिवाळ्याच्या रात्री बऱ्याच गार असतात. अशा वेळी घाई करून दिवा काढू नये.

तापमापक नसला तरी अडत नाही, कारण पिलेच तापमान सांगतात. ती दिव्याखाली दाटी करून चिवचिवत असतील, तर ऊब कमी आहे. दिवा खाली घ्यावा. दिव्यापासून दूर, चोची उघडून धापा टाकीत असतील, तर ऊब जास्त आहे. दिवा वर घ्यावा. एकाच बाजूस गोळा झाली असतील, तर दुसऱ्या बाजूने वारा येत आहे असे समजावे. सर्वत्र सारखी पसरलेली व शांत पिले ही योग्य उबेची खूण होय. ही पाहणी दिवसा नव्हे, तर रात्री आणि पहाटे करावयाची असते.

पाणी व खाद्य

अंड्यातून निघताना पिलाच्या पोटात बलकाचा काही भाग शिल्लक असतो. त्यावर ते दोन दिवस प्रवास सहन करू शकते. तरीही घरी येताच प्रथम पाणी द्यावे, त्यानंतर खाद्य. कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवून द्यावा आणि प्रत्येक पिलाची चोच एकदा पाण्यात बुडवून त्यास पाणी कोठे आहे ते दाखवावे. आईचे हे पहिले काम हाताने करावे लागते. पाण्याचे भांडे उथळ असावे किंवा त्यात स्वच्छ खडे टाकावेत, म्हणजे पिले बुडत नाहीत.

पहिल्या दिवशी मक्याची बारीक भरड कागदावर पसरून द्यावी. त्यानंतर आठ आठवड्यांपर्यंत सुमारे २० टक्के प्रथिने असलेले पिलांचे खाद्य द्यावे. केवळ तांदळाच्या कण्या किंवा ज्वारी यांवर वाढवलेल्या पिलांची वाढ खुंटते. आठ आठवड्यांनंतर १६ टक्के प्रथिनांचे वाढीचे खाद्य पुरते. पुढे पक्षी मोकळे फिरू लागले की किडे, गवत, सांडलेले धान्य यांमुळे खर्च बराच कमी होतो.

तूस ओले राहिल्यास तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना रक्ती हगवण लागते. ओला भाग रोज काढून टाकावा व बाकीचे तूस खालीवर करावे. याहून स्वस्त औषध दुसरे नाही.

लसीकरण

मरेक रोगाची लस पहिल्या दिवशी उबवणी केंद्रातच टोचली जाते. ती दिली आहे किंवा नाही हे पिले घेताना विचारून घ्यावे. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडी म्हणजे राणीखेत रोगावरील लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस आणि आठव्या आठवड्यात राणीखेतची आर-टू-बी लस, असा सर्वसाधारण क्रम आहे. स्थानिक परिस्थितीनुसार पशुवैद्यकीय अधिकारी त्यात बदल सुचवतात. लस बर्फात आणावी व मिसळल्यानंतर लगेच वापरावी. एका बाटलीत पुष्कळ पक्ष्यांची मात्रा असते. म्हणून शेजारच्या चार-सहा घरांनी एकाच दिवशी लसीकरण ठरवल्यास खर्च वाटला जातो. शाळेतील शिक्षक व ग्रामसेवक यांनी गावाचा असा एक दिवस ठरवून दिल्यास मोठे काम होईल.

खुडूक कोंबडीची मदत

घरी देशी कोंबडी खुडूक बसलेली असेल, तर आईविना पिलांस आई मिळवून देता येते. कोंबडी काही दिवस अंड्यांवर बसलेली असावी. रात्री अंधारात तिच्याखालची अंडी काढून घेऊन एक-दोन दिवसांची पिले हळूच सारावीत. एका कोंबडीच्या पंखाखाली दहा-बारा पिले मावतात. सकाळी ती त्यांना आपली म्हणून स्वीकारते की चोची मारते, हे जवळ थांबून पाहावे. स्वीकारल्यास उबेचा आणि राखणीचा निम्मा भार हलका होतो. लसीकरण मात्र तरीही चुकवू नये.

जुन्या कळपात प्रवेश

मादी पिलू दोन-अडीच महिन्यांचे झाले की त्यास तलंग म्हणू लागतात. येथे दुसरा धोका सुरू होतो. कोंबड्यांच्या कळपात मानाची उतरंड असते. कोणी कोणाला चोच मारावी हे ठरलेले असते. नॉर्वेचे शास्त्रज्ञ थॉर्लिफ शेल्डरप-एबे यांनी १९२१ साली या उतरंडीचे शास्त्रीय वर्णन केले. खेड्यातील प्रत्येक गृहिणीस मात्र ती पूर्वीपासूनच ठाऊक आहे. नवीन तलंग एकटी सोडली, तर सर्व कळप तिच्यावर तुटून पडतो.

म्हणून बाहेरून आणलेले पक्षी प्रथम दोन ते तीन आठवडे पूर्णपणे वेगळे ठेवावेत. हा नियम केवळ भांडणासाठी नाही, रोगासाठीही आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील कोंबड्यांमध्ये प्रथम बर्ड फ्लू आढळला आणि असंख्य पक्षी नष्ट करावे लागले. जानेवारी २०२१ मध्ये झाबुआ जिल्ह्यातील कडकनाथ पक्ष्यांतही हा रोग आढळला. अचानक अनेक पक्षी मरू लागल्यास त्यांना हात न लावता, न विकता, तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

वेगळे ठेवण्याची मुदत संपल्यावर तलंगांना आठवडाभर जाळीपलीकडे ठेवावे, म्हणजे दोन्ही कळप एकमेकांस पाहतात. त्यानंतर रात्री जुन्या कोंबड्या बसल्या असताना तलंगांना त्यांच्या शेजारी बसवावे. एकटीदुकटी न सोडता चार-पाचजणी एकत्र सोडाव्यात. खाद्य व पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत, जेणेकरून हुसकावलेली तलंग उपाशी राहणार नाही. रक्त निघाले तर ती तलंग लगेच बाजूला काढावी.

खुराड्याची ओळख व्हावी म्हणून नव्या पक्ष्यांना पहिले चार-पाच दिवस त्यातच बंद ठेवावे. नंतर सायंकाळी सूर्यास्तापूर्वी तासभर सोडावे आणि ठरावीक हाक मारून मूठभर दाणे टाकून परत बोलवावे. आईने शिकवले नाही ते दाण्यांच्या लोभाने पक्षी शिकतात. मुंगूस, रानमांजर व कुत्रे यांपासून रक्षणासाठी खुराड्याचे दार रात्री स्वतः लावावे.

जुन्या कोंबड्यांसाठी असलेले अंडी देणाऱ्या पक्ष्यांचे खाद्य कोवळ्या तलंगांना घालू नये. त्यातील चुन्याचे प्रमाण त्यांच्या मूत्रपिंडास अपायकारक असते. कळप एकत्र असल्यास सर्वांना वाढीचे खाद्य देऊन शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या कोंबड्यांना गरज असते त्याच तो खातात.

हिशेब

कडकनाथ तलंग सुमारे सहा महिन्यांनी अंडी देऊ लागते व वर्षास सुमारे ८० अंडी देते. पंचवीस पिले आणली, तर त्यांत निम्म्याच्या आसपास नर निघतात, असे समजून चालावे. दहा तलंगा वाचल्या तर वर्षाकाठी ८०० अंडी होतात. चारच वाचल्या तर ३२०. पिलांची किंमत दोन्ही वेळी सारखीच दिलेली असते. कुटुंबाचा नफा वा तोटा या सहा तलंगांमध्ये आहे आणि त्या पहिल्या सहा आठवड्यांतच वाचतात किंवा जातात.

कडकनाथच्या नावाने मोठ्या उत्पन्नाची आमिषे दाखवली जातात, त्यांपासूनही सावध राहावे. २०१९ साली सांगली जिल्ह्यात अशा योजनांत शेतकऱ्यांची फसवणूक झाल्याची प्रकरणे उघडकीस आली. अनेकांनी कर्ज काढून पैसे गुंतवले होते. पक्षी पाळण्याचे ज्ञान नसताना केवळ परत खरेदीच्या आश्वासनावर शेकडो पक्षी घेणे हा धंदा नव्हे. प्रथम पंचवीस पिले जगवून दाखवावीत, मग पन्नासांचा विचार करावा.

२०१९ च्या पशुगणनेनुसार देशात परसातील कोंबड्यांची संख्या ३१ कोटींहून अधिक होती. या कोंबड्यांची निगा बहुतांशी घरातील स्त्रिया व मुले ठेवतात. मुलाच्या वहीचा आणि आजारपणातील औषधाचा खर्च पुष्कळदा या अंड्यांतूनच निघतो. सरदारपूरच्या पाड्यावर असो की सातपुड्यातील धडगावच्या पाड्यावर, उबवणी केंद्रातून पिलांची पेटी घरी आणणाऱ्याने एवढेच ध्यानी ठेवावे, की पेटीबरोबर आई आलेली नाही. ती जागा सहा आठवडे आपणच भरून काढावयाची आहे.