घरून मोटार सुरू करण्याआधी



शेतीची वीज कधी दिवसा, तर कधी रात्री. रात्रीची पाळी आली की बॅटरी घेऊन ओलिताला जावेच लागते. साप, रानडुक्कर हे नेहमीचेच. २०१८ साली राळेगाव-पांढरकवडा भागात वाघिणीच्या धाकाने माणसे शेतात जायला धजत नव्हती, हे आपण विसरलो नाही. म्हणून मोबाईलवर चालणारा स्टार्टर आणि ठिबकचे आपोआप उघडणारे व्हॉल्व्ह बसवावेत, असे बऱ्याच जणांना वाटते. चांगलेच आहे. पण घरून दाबलेले बटण विहिरीत उतरलेल्या माणसाला दिसत नाही. तेव्हा जोडणी कशी करावी, ते नीट समजून घेऊ.

समजा, तीन भावांची सामाईक विहीर आहे. एक मोटार, उसाचे चार तुकडे, चार व्हॉल्व्ह आणि तीन मोबाईल.

१) आधी नकाशा. मोटार कुठे, कोणता व्हॉल्व्ह कोणत्या तुकड्याचा, हे कागदावर काढा. प्रत्येकाला नंबर द्या. तोच नंबर व्हॉल्व्हवर रंगाने लिहा आणि तोच मोबाईलमध्ये ठेवा. नाहीतर सोडले धाकट्याच्या उसाला अन् गेले थोरल्याच्या उसाला, असे होते.

२) वही एकच. पाण्याच्या पाळीचे वेळापत्रक विहिरीवरच्या मुख्य पेटीत असावे. मोबाईलने फक्त हुकूम द्यायचा. कारखान्यात यंत्रांचे जाळे संगणकावर आखतात, तेव्हाही हीच रीत असते. दूरचा संगणक मागाहून जोडला, तरी तो मूळ नोंदच वाचतो, आपली वेगळी वही उघडत नाही. दोन वह्या झाल्या की दोन हुकूम होतात आणि भांडण ठरलेले.

३) नंबरांची नोंद. ज्यांचे नंबर पेटीत नोंदले, त्यांचेच पेटीने ऐकावे. वेळापत्रक बदलण्याचा अधिकार एकाच भावाला द्या. बाकीच्यांना चालू-बंद करता आले म्हणजे पुरे. गडी काम सोडून गेला, सिम बदलले, तर जुना नंबर त्याच दिवशी काढून टाका.

४) क्रम. आधी व्हॉल्व्ह उघडावा, मग मोटार सुरू व्हावी. बंद करताना आधी मोटार, मग व्हॉल्व्ह. उलटे झाले तर बंद पाइपावर दाब येऊन जोड निखळतात.

५) बांधावरची परीक्षा. एकाने घरी मोबाईल धरावा, दुसऱ्याने बांधावर उभे राहावे. चारही व्हॉल्व्ह एकेक करून पाहा. मग रेंज नसताना काय होते तेही पाहा. विहीर आटली किंवा एक फेज गेला, तर कोणाच्या फोनची वाट न पाहता पेटीने स्वतःच मोटार बंद केली पाहिजे. हे जमत नसेल, तर जोडणी पुरी झाली असे समजू नका.

६) वीज परत आल्यावर. लाइन येताच मोटार आपोआप सुरू होईल, असे ठेवू नका. गावातल्या साऱ्या मोटारी एकदम उचलल्या की डीपीवर भार येतो आणि ती जळते. मग आठ-आठ दिवस ऊस वाळतो. सुरू होण्याची वेळ प्रत्येकाने मागेपुढे ठेवावी.

शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. मोटारीला हात लावायचा किंवा विहिरीत उतरायचे, तर मोबाईलवरून बंद केली एवढ्यावर विसंबू नका. दुसऱ्या भावाच्या हातातही मोबाईल आहे! मेन स्विच पाडा, फ्यूज काढून खिशात घाला, आणि तिघांनाही सांगूनच खाली उतरा. वर आल्यावर ज्याने फ्यूज काढले, त्यानेच ते लावावेत.

रात्रीची पायपीट वाचावी, म्हणून तर ही सोय आहे. ती आपल्याच घरच्या माणसावर उलटू नये, एवढी खबरदारी प्रत्येक सभासदाने घ्यावी, ही विनंती.