हजची पुंजी आणि राज्याचे धोरण

संपत्ती केवळ धनिकांमध्येच फिरत राहू नये, हा हेतू दिव्य कुरआनने सूरह हश्रच्या 7 व्या आयतीत स्पष्ट केला आहे. ही आयत युद्धाविना हाती आलेल्या संपत्तीच्या, म्हणजे ‘फय’च्या, वाटपासंबंधी आहे. संपत्तीच्या अभिसरणाची जबाबदारी राज्यावरही येते, ती येथूनच. व्यक्तिगत दानधर्माने ती संपत नाही.

मलेशियाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. तेथील ग्रामीण मुसलमान हजसाठी वर्षानुवर्षे पैसा साठवीत. परंतु व्याजाच्या भीतीने तो बँकेत न ठेवता घरातच दडवीत, आणि वेळ येताच जमीन व गुरे विकून टाकीत. हज घडे, पण परतल्यावर कुटुंब उघड्यावर पडे. 1959 साली अर्थशास्त्रज्ञ उंगकू अझीझ यांनी यावर बिनव्याजी बचतसंस्थेची योजना सुचविली. सरकारने ती स्वीकारली आणि 1963 मध्ये संस्था सुरू झाली. तीच आजची ‘ताबुंग हाजी’. दडलेला पैसा पामतेलाच्या मळ्यांत, इमारतींत, व्यापारात गुंतला. नफ्यातून ठेवीदारांना वाटा मिळू लागला आणि जकातही संस्थेमार्फत अदा होऊ लागली.

1983 साली इस्लामी बँकिंगचा कायदा होऊन ‘बँक इस्लाम’ उघडली. त्याच वर्षी सरकारने बिनव्याजी गुंतवणूक-प्रमाणपत्रांसाठी वेगळा कायदा केला, हे फारसे सांगितले जात नाही. सर्वसाधारण सरकारी रोख्यांवर व्याज असल्याने नव्या बँकेला आपली शिल्लक ठेवण्यास जागाच नव्हती. ती धोरणाने निर्माण केली.

मात्र ‘इस्लामी’ नावाने हिशेब आपोआप शुद्ध होत नाही. 2018 मध्ये ताबुंग हाजीची देणी तिच्या मालमत्तेपेक्षा अधिक असल्याचे उघड झाले. अशा स्थितीत लाभांश वाटण्यास कायद्याने मनाई असूनही तो वाटला गेला होता. अखेर सरकारला पुनर्रचना करावी लागली. ठेवीदाराची अमानत सांभाळण्यास श्रद्धेबरोबर कडक लेखापरीक्षणही लागते.

आपल्या देशात 2008 साली रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती. श्रद्धेमुळे व्याज टाळणाऱ्या वंचितांनाही बँकव्यवस्थेत आणणे हा तिचा उद्देश होता. 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने तो प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरविले. त्यामुळे व्याज टाळणारा आपला दुकानदार आजही चालू खात्यातच पैसा ठेवतो. बँक तो इतरांना व्याजाने देते. त्याच्या वाट्याला मात्र ना नफा येतो, ना त्या विनियोगावर अधिकार.