सिमेंटचा कार्बन कोळशातून येतो की दगडातून?



सातवीला हवा प्रदूषण शिकवताना एका मुलाने विचारलं, "सर, सिमेंटच्या भट्टीत कोळसा जाळलाच नाही, तर कार्बन डायऑक्साइड बंद होईल ना?" मी "हो" म्हणून पुढे गेलो. उत्तर चुकीचं होतं. दुसऱ्या दिवशी ते दुरुस्त केलं, तोच पाठ इथे देतोय.

सिमेंटचा मुख्य कच्चा माल चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती भट्टीत तापली की चुना उरतो आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. फळ्यावर हिशेब मांडा: १०० ग्रॅम शुद्ध चुनखडीतून ५६ ग्रॅम चुना आणि ४४ ग्रॅम वायू. भट्टी विजेवर तापवली तरी हे ४४ ग्रॅम निघणारच! सिमेंट कारखान्यातल्या कार्बन डायऑक्साइडपैकी निम्म्याहून जास्त असा दगडातूनच येतो.

मुलांना हे दिसायला हवं. आधी मी व्हिनेगरमध्ये खडू टाकला, काहीच झालं नाही. हल्लीचे बरेच खडू जिप्समचे असतात, त्यामुळे फजिती झाली. अंड्याचं कवच घ्या, भराभर बुडबुडे येतात. भट्टीत उष्णता जो वायू सोडवते, तोच इथे आम्ल सोडवतं. दुसऱ्या ग्लासात रस्त्याच्या कामाची काळी खडी टाका. ती गप्प बसते. (पांढरे ठिपके असलेली खडी नको. ते ठिपके कॅल्साइटचे असले तर फसफसतात आणि मुलं गोंधळतात.)

ही खडी म्हणजे बेसाल्ट, आपल्या सह्याद्रीचा काळा दगड. हा सिलिकेट खडक. यातही कॅल्शियम आहे, पण ते सिलिकाशी बांधलेलं असतं, कार्बनशी नाही. मग इथूनच चुना काढला तर? अमेरिकेत कॅलिफोर्नियातली ब्रिमस्टोन ही कंपनी नेमकं हेच करू पाहतेय. खडक दळायचा, आम्लात विरघळवायचा, कॅल्शियम वेगळं करायचं आणि पुढे भट्टीत नेहमीचंच पोर्टलँड सिमेंट बनवायचं. २०२३ साली त्यांचं सिमेंट तिथल्या मानकाच्या चाचणीत उतरलं. भट्टीच्या इंधनाचा प्रश्न मात्र उरतोच.

"मग आपल्याकडे चंद्रपूरहून सिमेंट कशाला आणायचं? इथे डोंगरच आहे की!" वर्गातून लगेच आवाज आला. प्रश्न रास्त होता. मी सांगितलं, बेसाल्टमध्ये चुना साधारण १० टक्केच असतो. आता ५६ ग्रॅम चुन्याला किती दगड लागेल ते काढा.

वहीत भागाकार झाला. चुनखडी १०० ग्रॅम, बेसाल्ट ५६० ग्रॅम. शिवाय दळायला वीज लागणार, आम्ल परत मिळवायचा खर्च वेगळा. उरलेल्या ५०४ ग्रॅममधली सिलिका सिमेंटमध्ये मिसळता येते, ॲल्युमिनाही काढता येतं. तो माल खपला तरच हे परवडेल.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "पण सर, डोंगर तर पाचपट खोदावा लागेल ना?"

या प्रश्नाला मी घाईने "हो" किंवा "नाही" म्हटलं नाही. पुढचा तास त्यावरच घेतला.